एका वायरीवर दोन डबे

मापवाल्या बाईंनी रिमोटच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि तो पुन्हा टीव्हीवर रोखला. पडद्यावर तीच पांढरी अक्षरं होती : सिग्नल नाही. मालिकेतला तपास अधिकारी नुकताच मयताच्या भाच्याच्या घरात शिरला होता. त्याने कपाटाच्या दाराला हात घातला होता. आता कपाटात काय होतं ते त्या अधिकाऱ्याला आणि त्या भाच्याला माहीत, बाईंना नाही. घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती. काल आणि परवाही चित्र गेलं होतं ते तीननंतरच.

त्यांनी एकेक चॅनेल फिरवून पाहिला. बातम्या गेल्या होत्या, जुने सिनेमे गेले होते, मालिका तर गेलीच होती. खेळांचा चॅनेल मात्र ठणठणीत चालू होता. गाण्यांचा चालू होता, जंगली प्राण्यांचाही चालू होता. गच्चीवरची डिश बिघडली असती तर सगळंच गेलं असतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," बाई मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं, पण एकट्या माणसाला स्वतःशी बोलायची चोरी नसते.

बाईंनी एकतीस वर्षं दुकानदारांची वजनं-मापं तपासण्याची नोकरी केली होती. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, तळातून पोकळ केलेलं किलोचं वजन, बुडाशी दुसरा पत्रा ठोकलेलं लिटरचं माप, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना मापवाल्या बाईच म्हणत, आणि त्या दुकानात शिरल्या की दुकानदार आपोआप काट्यापासून दोन पावलं मागे सरकत. याचा त्यांना मनातून फार आनंद होई. लोक आपल्याला फसवायला टपलेले असतात आणि आपण फसत नाही, या दोन्ही गोष्टींवर त्यांचा सारखाच विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिशवाला आला. गच्चीवर जाऊन आला, मग मागच्या गॅलरीत उभा राहून भिंतीवरच्या काडेपेटीएवढ्या धातूच्या डबीकडे बघून हसला. गच्चीवरून उतरलेली एकच वायर त्या डबीत शिरत होती आणि डबीतून दोन वायरी निघत होत्या. एक बाईंच्या टीव्हीकडे, दुसरी पुन्हा वर, भाडेकरूच्या खिडकीत.

"ही कुणी बसवली?"

"मीच बसवून घेतली. वरच्यांना वेगळी डिश लावायची होती. मी म्हटलं, माझ्या भिंतीला आणखी भोकं नकोत. एका वायरीतून दोघांना द्या."

"मग भोगा आता," डिशवाला म्हणाला. "बाई, हा काय पाण्याचा नळ आहे, की दोन तोट्या लावल्या आणि दोघांना पाणी? अर्ध्या चॅनेलांना तेरा व्होल्ट लागतात, अर्ध्यांना अठरा. तुमचा टीव्हीजवळचा डबा डिशला सांगतो, मला तेरावाले दे. वरचा डबा सांगतो, मला अठरावाले दे. वायर एकच. मग डिश कुणाचं ऐकणार?"

"कुणाचं?"

"अठरावाल्याचं. ज्याचा जोर जास्त त्याचं चालतं. तुमची मालिका तेरावाली आहे. वर कुणी अठरावालं काही लावलं, की तुमचं चित्र गेलं."

बाईंनी डोळे बारीक केले.

"वर दुपारी कुणी नसतं."

"टीव्ही चालू ठेवून जात असतील कामावर."

"मग सकाळपासून गेलं असतं. हे तीनला जातं. आणि मध्येच आठ-दहा मिनिटं परत येतं. मग पुन्हा जातं."

"मग वर बसून कुणीतरी चालू-बंद करतंय," डिशवाला म्हणाला आणि पिशवीची चेन ओढली. "भूत असेल, तर टीव्हीचं शौकीन दिसतंय. दुसरी वायर टाकून देऊ का? एकच भोक पडेल भिंतीला."

"सांगते विचार करून," बाई म्हणाल्या. पण त्यांचा विचार भोकाचा नव्हताच.

वरच्या खोलीत नऊ महिन्यांपासून जो माणूस राहत होता तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करी. चाळिशीचा, एकटा, नाकासमोर चालणारा. सकाळी नऊला जाई, संध्याकाळी साडेसहाला येई. बाई त्याला चष्मेवाला म्हणत, तो त्यांना काकू म्हणे. खोली देताना बाईंनी त्याला समोर बसवून बजावलं होतं, "एकटा म्हणजे एकटा. पाहुणा नाही, मित्र नाही, दोन दिवसांपुरता आलेला चुलतभाऊ नाही." त्याचं कारण होतं. आधीच्या भाडेकरूने मेव्हणा दोन दिवस राहील म्हणून सांगितलं आणि बघता बघता वर पाच माणसं झाली. त्यांना बाहेर काढायला बाईंना आठ महिने लागले होते, आणि त्या आठ महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी बाईंची गत झाली होती.

चष्मेवाल्याने मान डोलावली होती. त्यानेही एकच अट घातली होती : आपल्या माघारी खोली उघडायची नाही. बाईंनी जवळची दुसरी किल्ली त्याला दाखवून शब्द दिला होता, की आग लागली तरच ही वापरीन.

आणि तो माणूस त्यांना आवडला होता, खोटं कशाला बोला. रविवारी सकाळी तो दाराशी उभा राहून दहा मिनिटं गप्पा मारी. बाईंच्या चष्म्याची काडी सैल झाली तर खिशातून चिमुकला पेचकस काढून उभ्या उभ्या घट्ट करून देई. आता बाईंनी आठवून पाहिलं, तर गेले तीन रविवार तो थांबलाच नव्हता. "येतो काकू, जरा घाई आहे," म्हणत सरळ वर जात होता. पूर्वी जिना सावकाश चढणारा माणूस आता दोन-दोन पायऱ्या एका दमात चढत होता. चाळिशीतल्या पुरुषाला घरी जायची एवढी घाई कधी होते, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी बाई धाकट्या बहिणीकडे दोन दिवस राहायला गेल्या होत्या. बरोबर तेव्हाच. बाईंनी कपाळावर हात मारला आणि बहिणीला फोन लावला.

"बाईमाणूस असणार, ताई," बहीण लगेच म्हणाली. तिला अशा गोष्टींची फार हौस. "तू काय संन्यासी ठेवला होतास वर?"

"ठेवायची तर सांगून ठेवावी. लपवून कशाला?"

"तू परवानगी दिली असतीस?"

"नसती दिली."

"मग? सांगितलं तर तू हाकलणार, नाही सांगितलं तर आत घेऊन दार लावता येतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

"त्याच्या जागी तू नाहीस, माझ्या जागी मी आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी रीतसर तपास सुरू केला. मंगळवारी आणि शुक्रवारी चष्मेवाला कचऱ्याची पिशवी जिन्याच्या वळणावर ठेवी. सुरुवातीचे काही महिने बाई ती उचलून पाहत. एकट्या माणसाचा, दुपारी बाहेर खाणाऱ्याचा कचरा, त्यांच्या हाताच्या अंदाजाने आठ-नऊशे ग्रॅमच्या वर कधी गेला नव्हता. या मंगळवारी पुन्हा उचलली, तर पिशवी हाताला जड लागली. बाईंनी नोकरीतला जुना स्प्रिंगचा काटा काढून तिला टांगलं. एक किलो चारशे. पिशवी उघडून बघण्याइतक्या त्या खाली उतरल्या नव्हत्या. वरून नुसती चाचपली आणि जिथल्या तिथे ठेवली.

पाण्याच्या टाकीवरही त्यांनी नजर ठेवली. दुपारी पाणी उतरत नव्हतं. साडेसहानंतर मात्र धो धो उतरत होतं. पावलांचा आवाज नाही, भांड्यांचा नाही, टीव्हीचा तर अजिबात नाही. बाई छताखाली स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहिल्या, कान वर लावला, मान अवघडेपर्यंत ऐकत राहिल्या. काही नाही. आणि याच वेळी खाली त्यांच्या टीव्हीवर पांढरी अक्षरं होती, म्हणजे वर अठरा व्होल्टवालं कुणीतरी बसलेलं होतंच. एवढं निःशब्द राहणारी बाई साधी नसणार. पक्की मुरलेली असणार. बाईंच्या डोळ्यांसमोर तिचं रूपही उभं राहिलं : लांब नखं, भुवया कोरलेल्या, चष्मेवाल्याच्या पलंगावर लोळत आवाज बंद करून गाणी बघणारी आणि खालच्या म्हातारीला कसं बनवलं म्हणून गालात हसणारी. मध्येच आठ-दहा मिनिटं टीव्ही बंद करून ती काय करत असेल याचा बाईंनी पुष्कळ विचार केला. फोनवर बोलत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गुरुवारी तीनला पाच कमी असताना बाई पाना घेऊन गॅलरीत गेल्या आणि डबीतून वर जाणाऱ्या वायरीची पितळी टोपी त्यांनी तीन आटे सैल केली. वायर दिसायला जागच्या जागी, पण आत टेकलेली नाही. खाली त्यांची मालिका काचेसारखी स्वच्छ दिसू लागली. सहाला त्यांनी टोपी पुन्हा घट्ट केली. साडेसहाला चष्मेवाला आला तेव्हा सगळं ठाकठीक होतं.

आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर ती बाई वायर बघायला खिडकीत येईल, नाहीतर चष्मेवाला तक्रार घेऊन येईल. बाई खुर्ची गॅलरीत घेऊन बसल्या. खिडकी उघडली नाही. पडदाही हलला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रविवार सोडून रोज, बाई तीनला टोपी सैल करत आणि सहाला आवळत. पाचव्या दिवसापर्यंत हा उद्योग त्यांच्या अंगवळणी पडला आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना गोडी वाटू लागली. वरची जितकी गप्प, तितका बाईंचा निश्चय पक्का होत गेला. सरळ गिऱ्हाईक माप कमी भरलं की भांडतं. ज्याला स्वतःचं काही लपवायचं असतं तोच कमी माप मुकाट घेऊन जातो. हे बाईंनी एकतीस वर्षं पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मेवाल्याला जिन्यात गाठलं.

"काय हो, टीव्ही नीट लागतो ना तुमचा?"

तो थबकला. हातातली पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"हो काकू. अगदी छान."

"मध्ये जातबीत नाही ना? दुपारचं वगैरे?"

"दुपारी मी कुठे असतो घरी," तो म्हणाला आणि हसला. हसला तो फक्त तोंडाने. बाईंनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. काट्याला हात लावण्याआधी दुकानदार असेच बघत.

बाईंना राग आला, पण रागापेक्षा वाईट वाटलं. हा माणूस सरळ तोंडावर खोटं बोलला होता. त्या आत गेल्या, टेबलाशी बसल्या आणि कार्यालयात लिहीत तशा वळणदार अक्षरात एक पत्र लिहिलं : ठरल्या अटीचा भंग झाल्याने महिनाअखेर खोली रिकामी करावी. खाली सही केली. नुसतं पत्र दिलं तर तो कानांवर हात ठेवणार. म्हणून आधी मुद्देमाल पकडायचा आणि मग पत्र द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यांनी सहाव्यांदा टोपी सैल केली. दहा मिनिटं थांबल्या. मग घडी घातलेलं पत्र मुठीत घेतलं, दुसरी किल्ली घेतली आणि सोळा पायऱ्या चढून वर गेल्या. दिलेला शब्द त्यांना आठवत होता. पण आधी शब्द कुणी मोडला, हेही त्यांना आठवत होतं. दाराला कान लावला. आत सामसूम. किल्ली फिरवून त्यांनी दार एकदम उघडलं.

खोलीच्या मधोमध खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. ऐंशीची तरी असेल. खुर्चीच्या चारही पायांना फडकी गुंडाळलेली होती आणि म्हातारीच्या पायात एकावर एक असे मोज्यांचे दोन जोड होते. तिच्यासमोर टीव्ही चालू होता, त्याच्यावर पांढरी अक्षरं होती, आणि ती मांडीवर हात ठेवून त्या अक्षरांकडे बघत बसली होती.

दार उघडलेलं पाहून ती अर्धवट उठली. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने आधी तोंडावरच हात ठेवला. मग तिची नजर बाईंच्या हाताकडे गेली. पाना खाली ठेवायचं बाई विसरल्या होत्या.

"वायरीचं बघायला आलात?" म्हातारीने कुजबुजत विचारलं.

बाई काय काय बोलायचं ते जिना चढताना जुळवून आल्या होत्या. त्यातलं एकही वाक्य या म्हातारीला ऐकवण्यासारखं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"हळू बोला हो. आणि दार लोटून घ्या. दार लावलेलं नव्हतं का?"

"नीट लागलं नव्हतं."

"बघा, घाईत जातो तो." म्हातारी पुन्हा बसली. आता तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. "बरं झालं आलात. सहा दिवस झाले. तीनला बटण दाबलं की हे असं येतं."

"बाकी काही करून पाहिलंत का? डबा बंद करून, वायर हलवून?"

"मी कशाला हात लावत नाही. बिघडलं तर मुलाला बोलणी बसायची. तो सकाळी चॅनेल लावून जातो, प्राण्यांचा. मी फक्त हे लाल बटण दाबते, तेही पहिले पंधरा दिवस भीतीने दाबलं नव्हतं. तीनला कधी मगरी असतात, कधी हत्ती. ते आवाजाशिवाय बघितलं तरी सगळं कळतं."

"आणि मध्येच बंद का करता?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वायरीवरून कळतं आम्हाला," बाई म्हणाल्या.

म्हातारी लाजून हसली. "वाघ हरणाच्या मागे लागला की मी बंद करते. बघवत नाही. आठ-दहा मिनिटांत उरकतं त्याचं. मग लावते परत."

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. पलंगावर एकच उशी होती. खाली भिंतीलगत दुसरं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं, ते चष्मेवाल्याचं असणार. खिडकीचा पडदा पिनांनी दोन्ही बाजूंनी भिंतीला टाचला होता.

"आता चित्र नसतं, तर मग काय करता दुपारभर?"

"बसते."

"या अक्षरांकडे बघत?"

"बंद केलं आणि नेमकं तेव्हाच आलं तर? म्हणून बसते. सहाला येतं, पण तोवर हत्ती संपलेले असतात."

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. तो म्हणाला, आई, विचारू कुणाला आणि काय म्हणून?" म्हातारीने पुढे वाकून आवाज आणखी खाली आणला. "मी इथं आहे ते कुणाला ठाऊक नाही. मुलीकडे होते, पण तिच्याकडे आता जागा नाही. खालच्या बाईंनी खोली त्याला एकट्यालाच दिलीय. दुसरी बघतोय बिचारा, मिळाली की जाऊ. तोवर चालायचं नाही, खोकायचं नाही, दुपारी नळ सोडायचा नाही. खाली लगेच कळतं म्हणे. तो आला की मग सोडते."

बाईंनी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा. मोजायची सवय वाईट. साडेनऊ तास होत होते.

त्यांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सहा दिवस त्या गॅलरीत पाय पसरून बसल्या होत्या, मालिका स्वच्छ दिसते म्हणून खूश होत्या, आणि डोक्यावर ही बाई मगरींची वाट बघत होती. तिने त्यांना काही म्हटलं असतं, उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. मुठीतल्या पत्राचा घामाने लगदा होत आला होता. बाईंनी ते कमरेला खोचून टाकलं.

"तुम्ही ओळखता का हो खालच्या बाईंना?" म्हातारीने विचारलं.

"तोंडओळख आहे."

"फार कडक आहेत ना?"

"आहेत."

"आणि मनाने?"

बाईंनी पान्याचा दांडा उगाच पुसला. एकतीस वर्षांत कुणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, आणि स्वतःचं वजन स्वतः कसं करणार?

"दुपारी त्या घरात नसतात," त्या म्हणाल्या.

"नसतात?"

"रोज दोनला बाहेर पडतात. सहाला येतात. मी येता-जाता बघते ना."

"पण मुलगा तर म्हणतो, दिवसभर खालीच बसलेल्या असतात."

"तो दिवसभर दुकानात. त्याला काय माहीत?" बाई उठल्या. "दोन ते सहा खाली कुणी नसतं. आवाज लावत जा टीव्हीचा. खुर्ची सरकवा, खोका, काय करायचं ते करा. आणि नळ सोडत जा. साडेसहापर्यंत थांबू नका."

म्हातारीचा विश्वास बसत नव्हता आणि बसावा अशी तिची फार इच्छा होती.

"खात्रीने सांगता?"

"अगदी खात्रीने." बाईंनी दाराला हात घातला, मग थांबल्या. "मी आले होते ते मुलाला सांगू नका. असं परस्पर घरात शिरायची आम्हाला परवानगी नसते. नोकरीवर गदा येईल माझ्या."

"नाही सांगत. तुम्हीही खालच्या बाईंना माझं सांगू नका."

"नाही सांगणार."

"चित्र कधी येईल?"

"मी खाली पोचले की," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काही वेळ शांतता होती, म्हातारी कानोसा घेत असावी. मग न्हाणीतला नळ सुटला आणि बराच वेळ सुटलेला राहिला. त्यानंतर टीव्हीचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा, मग चांगलाच मोठा. म्हातारीला ऐकायला कमी येत असणार.

खाली बाईंच्या पडद्यावरून तपास अधिकारी नाहीसा झाला. बाईंनी मुकाट्याने प्राण्यांचा चॅनेल लावला आणि आवाज पूर्ण बंद केला, कारण घरात नसलेल्या बाईच्या घरातून टीव्हीचा आवाज येऊन कसं चालेल? माकडं आंघोळ करत होती. चित्र खाली, आवाज वर, पण जुळत होतं. बाईंना खोकला आला तो त्यांनी पदरात दाबला. तहान लागली होती, पण पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात होतं आणि तिथल्या दाराची बिजागरी कुरकुरायची. सहाला घेऊ, असं म्हणून त्या पाय वर घेऊन बसून राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाईंनी झडप घालून तो उचलला.

"काय गं ताई, सापडली का ती?" बहीण विचारत होती.

"नंतर बोलते."

"मोठ्याने बोल ना. काही ऐकू येत नाहीये. अगं, आहेस कुठे तू?"

वर माकडाने काहीतरी केलं असावं. म्हातारी खळखळून हसली. बाईंनी फोनभोवती हाताचा आडोसा केला.

"बाहेर आहे," त्या कुजबुजल्या. "सहापर्यंत घरात नाहीये मी."